आधाराचा हात

"हात जोडा, ताई. जरा वाकून उभ्या राहा," फोटोवाला म्हणाला.

जळगावच्या त्या पतसंस्थेत सगळे खुर्च्यांवर बसलेले. उभे आम्ही दोघंच, मी आणि माझा नवरा. मागे फलक होता, 'कर थकलेल्या भगिनीला आधाराचा हात'. फोटो वार्षिक अहवालात जाणार होता. कर्जाचा एक रुपया हातात पडला नव्हता. उपकार मात्र छापून तयार.

धुळ्यात मी शाळांचे गणवेश शिवते. आठ मशीन, पाच बाया. जीएसटीचा आदेश आला, दोन लाख चौसष्ट हजार भरा. मी एकही बिल लपवलं नव्हतं. ज्या जळगावच्या व्यापाऱ्याकडून कापड घ्यायची, त्याने प्रत्येक बिलावर माझ्याकडून कर घेतला आणि सरकारात भरलाच नाही. कायदा म्हणतो, मग तू भर. व्याज, दंडासकट. नाही भरलं तर खातं गोठणार, मशीन जाणार.

फोनवर व्यापारी म्हणाला, "पतसंस्थेचं कर्ज काढा ताई. मी शब्द टाकतो."

तिथेच मनात खुटखुटलं. ज्याने पैसे खाल्ले, त्याला माझ्या कर्जाची एवढी घाई का?

पतसंस्थेच्या अध्यक्षांना सगळे आबा म्हणत. ते म्हणाले, "तुमच्या वस्तीतल्यांना आम्ही दारातूनच परत पाठवतो. तुमचं नशीब."

नवरा खाली बघून हसला. मी हसले नाही. सहीआधी कागद मागितला.

"वाचून काय कळणार?" आबा म्हणाले.

कळलं. कर्ज तीन लाख. त्यातून फी, विमा, शेअर असे तीस हजार आधीच कापणार. व्याज बारा टक्के, पण तीन वर्षं पूर्ण तीन लाखांवर. मुद्दल फिटत गेलं तरी व्याज तेवढंच. हाती दोन लाख सत्तर हजार, फेड चार लाख आठ हजार. मी तिथेच मोबाईलवर हिशेब लावला. खरा दर अठ्ठावीस टक्क्यांच्याही वर जात होता.

तरीही मी सही केली असती. खोटं कशाला सांगू? मशीन जातील ही भीती होती.

तेवढ्यात आबा म्हणाले, "चेक आपल्या संचालकांच्या हस्ते देऊ."

आतल्या खोलीतून संचालक बाहेर आले. तोच कापड व्यापारी. माझा कर ज्याने गिळला, तो मला मदत करताना फोटोत दिसणार होता. आणि वरून माझ्याच पैशांवर माझ्याकडूनच व्याज घेणार होता.

"काढू दे ना. एकच फोटो," नवरा कानात म्हणाला.

मी फोटोसाठी हात जोडलेच नाहीत. "हे कर्ज मला नको. आधी माझ्याकडून घेतलेला कर भरा."

"बाई, तोंड सांभाळा," आबा म्हणाले.

"सांभाळूनच बोलतेय."

परतीची बस अमळनेरला थांबली. नवरा म्हणाला, "आते काय करशी वं?"

दुसऱ्या दिवशी कर कार्यालयात गेले. आदेशाने लागलेली रक्कम हप्त्यांनी भरता येते, हे तिथे विचारल्यावर कळलं. आपणहून कोणी सांगितलं नव्हतं. चोवीस हप्ते, महिना अकरा हजार, उरलेल्या रकमेवर अठरा टक्के व्याज. एक हप्ता चुकला की बाकी सगळी एकदम. सरकार दयाळू आहे असं मी म्हणत नाही. मंजुरी लेखी हाती येईपर्यंत मी साहेबांच्या शब्दावरही विश्वास ठेवला नाही.

त्याच दिवशी व्यापाऱ्याविरुद्ध तक्रार दिली. सगळी बिलं जोडली. आता तोच फोन करतो. "तक्रार मागे घ्या ताई, वर्षभर कापड उधारीवर देतो."

कापड मी सुरतेहून रोखीने आणते. माल कमी येतो, दोन मशीन बंद असतात. हप्ता मी भरतेय आणि भरणार. पण तक्रार मागे घेणार नाही. माझे पैसे मला परत हवेत, सगळे, आणि तो चोर आहे हे सरकारी कागदावर लिहून हवं.