विनीताचा फ्लॅट घ्यायचा कोणी

माझी मैत्रीण विनीता ठाम मतांची बाई. सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या सरकारी इमारतीत वीस वर्षं राहिली, इथली नागरिक झाली. एका इमारतीत कोणत्या वंशाची किती घरं असावीत, याचा इथे नियम आहे. त्याला कोणी नावं ठेवली की विनीता तुटून पडायची. "तो नसता तर आपल्याला एका कोपऱ्यात कोंबलं असतं!" आम्ही तिच्याशी वाद घालणंच सोडलं होतं.

मग तिला तोच फ्लॅट विकायची वेळ आली. लेक मैत्रेयी बाळंत होणार, तिच्याजवळ राहायला जायचं होतं. समोरच्याच गोह आंटींचा मुलगा घर घ्यायला एका पायावर तयार होता, थकलेल्या आईच्या शेजारी राहता येईल म्हणून. पण इमारतीतली चिनी घरांची मर्यादा भरलेली. भारतीयाचं घर चिनी कुटुंबाला विकता येईना.

आता बाईसाहेबांची पंचाईत झाली. सकाळी फोन करून नियमाला शिव्या द्यायची, संध्याकाळी त्याचीच बाजू घ्यायची. मी वैतागले.

शेवटी अनीश आणि श्रिया हे मूळचं पुण्याचं जोडपं घर घ्यायला तयार झालं. ही गोष्ट आंटींना सांगायला जाताना विनीताने मला सोबत नेलं. तिला रडूच फुटायचं बाकी होतं.

"सॉरी, आंटी."

आंटी शेंगा सोलत होत्या. इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाल्या, "लास्ट टाइम ऑल्सो सेम, ला. माय सिस्टर वाँट युअर फ्लॅट. कॅनॉट. देन यू केम."

 वीस वर्षांत हे विनीताला कोणी सांगितलं नव्हतं.

"यू वेअर अँग्री?"

"फर्स्ट इयर, व्हेरी! आय डोंट वाँट सी युअर फेस." आंटी हसल्या. "देन यू ब्रिंग दॅट स्वीट प्राटा."

म्हणजे पुरणपोळी.

बाहेर आल्यावर विनीता म्हणाली, "अगं, मग नियम चांगला की वाईट?"

किल्ली देताना तिने श्रियाला गीझर दाखवला नाही की नळ. एवढंच म्हणाली, "समोरच्या आंटी वर्षभर तुझ्याशी बोलणार नाहीत. तरीही तू पुरणपोळी नेऊन दे."