औषध वाढलं

मॅट्रिक झाल्यावर मी घरी बसले, असं आमचे नातेवाईक म्हणायचे. घरी बसायला मिळालं असतं तर बरंच झालं असतं. मी रांगेत उभी होते. सकाळी नळाच्या रांगेत, मग रेशनच्या, रेशनवाल्यानं ‘उद्या’ म्हटलं की रॉकेलच्या, आणि अधूनमधून सरकारी दवाखान्याच्या. जालन्यात मस्तगडाजवळ आमची भाड्याची खोली होती. तिथून या सगळ्या रांगा चालत गाठता यायच्या, एवढीच काय ती सोय. माझ्याबरोबरच्या मुली कुणी डी.एड.ला गेल्या, कुणी सासरी. भेटल्या की विचारायच्या, सध्या काय करतेस? मी सांगायची, नंबर लावते.

बहात्तरचा दुष्काळ सरला होता. पाऊस झाला, शिवारात ज्वारी उभी राहिली आणि लोक म्हणाले, आता भाव उतरतील. भाव काही उतरले नाहीत. गोडं तेल, डाळ, साबण, चहापत्ती, ज्याचं नाव काढावं ते महाग. दुकानदार दर आठवड्याला नवा भाव सांगायचा आणि आपल्याच तोंडाकडे असा बघायचा, जसं काही आपणच तो चढवून आलोय. रेशनवर लाल मिलो मिळायचा, परदेशातून आलेली ज्वारी. त्याची भाकरी थापताना फाटायची आणि खाताना घशात अडायची. जनावराला घालायचं ते माणसाला घालून राह्यले, असं माय रोज म्हणायची आणि रोज तीच भाकरी थापायची. त्या मिलोसाठीसुद्धा रांगेत भांडणं व्हायची, आणि त्यात मी मागे नव्हते. एका बाईनं माझी पिशवी रांगेतून बाजूला सरकवली तेव्हा मी तिला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

या सगळ्यांत दवाखान्याच्या रांगेत मात्र मी न भांडता उभी राहायची. तिथं बाबांचं औषध मिळायचं.

बाबा जिनिंगमध्ये कामाला होते. आयुष्यभर कापसाचं भुसकट छातीत घेतलं, वर टीबी झाला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी इंजेक्शनं दिली, ती संपल्यावर गोळ्या सुरू केल्या. वर्षभराहून जास्त घ्याव्या लागतील म्हणाले. बरे व्हाल, पण खंड पडू देऊ नका, खंड पडला तर हेच औषध पुन्हा लागू पडणार नाही, असं त्यांनी बाबांना समोर बसवून सांगितलं होतं. बाबांनी ते इतकं मनावर घेतलं, की सकाळी चूळ भरली की आधी गोळ्या, मग चहा. चहाला साखर नसली तर कुरकुर करायचे, गोळ्यांबद्दल कधी नाही. आणि फरक दिसत होता. खोकला कमी झाला, अंगावर थोडं मांस आलं, संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायला लागले. जिनिंगच्या मुकादमानं निरोप दिला होता, की बरे झालात की या, आत नको, बाहेर वजनकाट्यावर बसा. बाबा तो निरोप येईल त्याला ऐकवायचे. आमच्या घराचं सगळं त्या काट्यावर जाऊन बसण्यावर ठरलेलं होतं.

आणि दवाखाना हळूहळू आटायला लागला. आधी महिन्याच्या गोळ्या एकदम मिळायच्या. मग आठवड्याच्या मिळायला लागल्या. मग कंपाउंडर कागदात चार-पाच बांधून द्यायचा आणि म्हणायचा, यातच भागवा. डॉक्टरांची बदली झाली, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. टीबीच्या खोलीला कुलूप लागलं. एक दिवस मी आणि माय दोघी गेलो होतो, तेव्हा कंपाउंडर खिडकीतून बाहेर न बघताच म्हणाला, औषध संपलं, औरंगाबादहून माल आला न्हाई.

मायनं तिथल्या तिथं त्याला झापलं. औषध नाही म्हणून नाही, ‘संपलं’ म्हटलं म्हणून. आजारी माणसाच्या नावावर असं तोंडातून काढतात का, जरा तरी बराबर बोलत जा. कंपाउंडर तिच्याकडे बघतच राहिला. मागचे लोक हसले. मला लाज वाटली आणि रागही आला, आणि दोन्ही कुणावर काढावं ते कळेना.

मायच्या तोंडात ‘संपलं’ हा शब्द नव्हताच. आमच्याकडे जुन्या बायकांची ती रीतच होती. पीठ संपलं म्हणायचं नाही, पीठ वाढलं म्हणायचं. तेल वाढलं, मीठ वाढलं. दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. बाबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडून दिले, उपास बंद केले, आणि मायनं त्यात एका शब्दानं आडकाठी केली नाही. पण हा एक शब्द तिच्यानं सुटला नाही. बाबा तिला चिडवायचे, की देव गेले तरी तुझी जीभ काही धम्मात आली न्हाई. कधी म्हणायचे, हिच्या डब्यांत बघा, रोज सगळं वाढलेलंच असतं, श्रीमंत बाई आहे. माय पदर तोंडाला लावून हसायची आणि पुन्हा तेच म्हणायची. बाबांना टीबी झाल्यापासून तर ती जास्तच जपायला लागली. तेव्हा ते हसण्यावारी न्यायचं राहिलं नव्हतं. तिला खरंच भीती वाटायची.

माझा थोरला भाऊ अंबडला शाळेवर मास्तर होता. तिथल्या दवाखान्यात गर्दी कमी, कंपाउंडरची पोरं त्याच्या वर्गात. मागच्या खेपेला आला तेव्हा तो सांगून गेला होता, की इकडं गोळ्या मिळेनाशा झाल्या तर निरोप द्या, मी तिकडून बघतो. म्हणून आम्ही निर्धास्त होतो. घरात अजून आठवडाभर पुरतील एवढ्या गोळ्या होत्या.

शेजारचे मामा जमिनीच्या खटल्यासाठी अंबडच्या कोर्टात जायचे. त्यांची तारीख होतीच. मायनं त्यांना दारात थांबवून निरोप दिला. मी तिथंच भांडी घासत होते. ती म्हणाली, “मास्तरला एवढंच सांगा मामा, बाबांचं औषध वाढलं म्हणावं. जल्दी बघ म्हणावं.” मामा शब्दाला पक्के. त्यांनी अंबडला जाऊन शाळेच्या फाटकात भावाला गाठलं आणि हेच शब्द सांगितले, त्यात कमीजास्त काही केलं नाही.

आठवड्यानं मनीऑर्डर आली. माय खूश झाली. पैसेही धाडले, म्हणजे गोळ्या मागनं येतीलच, असा तिनं अर्थ लावला. मीही तोच लावला. आम्ही येणाऱ्या एसटीची वाट बघायला लागलो. कुणी ओळखीचं अंबडहून आलं की मी पळत जाऊन विचारायची, मास्तरनं काही पुडकं दिलंय का? कुणाकडे काही नसायचं. तोवर घरातल्या गोळ्या सरल्या होत्या. बाबा चूळ भरून यायचे, गोळ्यांच्या फळीकडे बघायचे आणि चहा मागायचे. एकदाही विचारलं नाही.

मनीऑर्डरचे पैसे घेऊन मी औषधाची सगळी दुकानं फिरले. एकानं माल नाही सांगितलं, दुसऱ्यानं पुढच्या आठवड्यात या सांगितलं. तिसरा म्हणाला, सरकारी गोळी आम्ही कशाला ठेवू, ती फुकट मिळते. मला त्याच्या काउंटरवर डोकं आपटावंसं वाटलं. मग मी भावाला कार्ड टाकलं. ते कुठं फिरत राहिलं कोण जाणे, तो इकडं येऊन गेल्यावर त्याला मिळालं. मी स्टँडवरही गेले, स्वतःच जाऊन घेऊन यावं म्हणून. डिझेल नाही म्हणून फेऱ्या कमी केलेल्या. अंबडची एक गाडी रद्द, दुसरी आली ती इतकी भरून, की कंडक्टरनं दार उघडलंच नाही. दुपारपर्यंत थांबून घरी आले. माय म्हणाली, कशाला तडफड करतीस, त्याला कळालंय ना, तो पाठवंलच.

महिनाअखेरीला भाऊ आला. हातात बाबांसाठी मोसंबी होती. बाबा तोवर पुन्हा खोकायला लागले होते. भाऊ चप्पल काढता काढता म्हणाला, औषध मिळून राह्यलं ना बराबर?

माय म्हणाली, “कुठलं मिळतंय? वाढलं म्हणून तर तुला निरोप धाडला.”

भाऊ तसाच उभा राहिला. मोसंबीची पिशवी खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. मग म्हणाला, “माय, मला वाटलं भाव वाढला.”

आता यात कुणाचं चुकलं? मी इतकी वर्षं हा हिशेब करते आणि मला कुणी सापडत नाही. तो आमच्याच घरात वाढला, मायचं बोलणं त्याच्या कानावर लहानपणापासून पडलं होतं. दुष्काळाच्या आधी कुणी त्याला ‘औषध वाढलं’ म्हटलं असतं, तर तो हातातलं काम टाकून पळत सुटला असता. पण त्या वर्षी दिवसभर चहूकडून एकच ऐकू यायचं. तेल वाढलं. डाळ वाढली. एसटीचं भाडं वाढलं. वर्तमानपत्रात तेच, शिक्षकांच्या खोलीत तेच. मग निरोप आला की औषध वाढलं, आणि तो समजला की दवाखान्यात मिळत नसेल, बाहेरून घेत असतील, भाव वाढला असेल. स्वतःच्या पोटाला चिमटा काढून त्यानं पैसे धाडले. महागाईनं आमच्या तोंडची साखर नेली, तेल नेलं, ते एक वेळ समजू शकते. तिनं माझ्या मायच्या तोंडचा शब्दही नेला, आणि तो कधी नेला हे आम्हाला कळलंसुद्धा नाही.

दोघं भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. भाऊ आल्या पावली परत फिरला. एसटी नव्हती, सरकीच्या ट्रकमध्ये बसून गेला आणि दुसऱ्या दिवशी गोळ्या घेऊन आला. बाबांनी चूळ भरून त्या घेतल्या, पूर्वीसारख्या. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी हसून विचारलं, गोळी खाताना माणूस कधी पाहिला न्हाई का?

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण खोकला थांबला नाही. ओट्यावर बसणं सुटलं. एक दिवस रुमालावर रक्त आलं. तोवर दवाखान्यात नवे डॉक्टर आले होते, तरुण होते, बोलायला चांगले होते. त्यांनी सगळं विचारून घेतलं, मध्ये खंड पडला होता का हेही विचारलं. मग म्हणाले, या गोळ्या आता यांना लागू पडत नाहीत. दुसरं औषध आहे, पण ते इथं मिळत नाही, सरकार देत नाही, औरंगाबादहून विकत आणावं लागेल, आणि तेही बरेच महिने. भाऊ औरंगाबादला जाऊन भाव विचारून आला. घरी येऊन त्यानं तो मायला सांगितला. माय पीठ चाळत होती. तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा चाळायला लागली. पुढे काय करायचं, हे मी विचारलंच नाही. त्याचा पगार मला माहीत होता.

बाबा आतल्या बाजूला भिंतीकडे तोंड करून पडलेले होते. त्यांना झोप लागलीय असं आम्ही धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी घेऊन निघाले. नव्या डॉक्टरांना पुन्हा एकदा भेटावं, काही चिठ्ठी, काही वशिला, काही तरी निघतंय का बघावं, असं रात्रभर डोक्यात चाललं होतं. बाबा उठून बसले होते. कुठं निघालीस म्हणाले. मी म्हटलं, दवाखान्यात, नंबर लावते.

ते म्हणाले, “तिथं नको उभी राहू आता पोरी. रॉकेलच्या रांगेत जा. तिथं मिळंल तरी.”

मी दारात थांबले. माय चुलीपुढे होती, ती नाही म्हणेल असं मला वाटलं. ती उठली, कोपऱ्यातला रॉकेलचा डबा घेतला आणि माझ्या हातात दिला. मी गेले. रांग लांब होती, ऊन होतं, पुढच्या बायका वाढलेल्या भावांवरून बोलत होत्या. त्या दिवशी रॉकेल मिळालं.