खिशातला रोटर

भूत, चकवा, भानामती... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. गोंदियात माझं मोटार दुरुस्तीचं दुकान आहे. वीस वर्षं इंजिनं उघडून मी एवढंच शिकलो की गाडी बंद पडते तेव्हा तिला कारण असतंच. लोक लिंबू बांधतात, मी प्लग काढतो. या मासिकातले असले अनुभव मी बायकोला वाचून दाखवायचो आणि पोट धरून हसायचो. आता मीच लिहायला बसलोय, त्यामुळे हसायची पाळी तिची.

लढाईचे दिवस होते, पेट्रोल रेशनवर. इथल्या एका राइस मिलच्या शेठकडे जुनी इंग्रजी बनावटीची लहान मोटार होती – दोन दारं, चार सिलिंडर, समोरून हँडल मारून चालू करायची. ती चालवायचा सदाराम. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, देवरीकडचा, कमी बोलणारा माणूस. त्या उन्हाळ्यात गाडी वाटेत बंद पडायला लागली. तासभर थांबलं की आपोआप चालू व्हायची. शेठच्या डोक्यात बसलं की सदाराम पेट्रोल काढून विकतो आणि उशिराचा दोष गाडीवर ढकलतो. सदारामची बारा वर्षांची नोकरी जायची वेळ आली होती, आणि चोर म्हणून जायची. तेवढ्यात मुनीमानं सुचवलं की आधी गाडी दाखवून घ्या. शेठनं मला बोलावलं आणि म्हणाला, "मिस्त्री, देख के बताओ. गाड़ी ख़राब है या आदमी."

माणसाचं मला कळत नाही, गाडीचं सांगतो, असं मी म्हणालो. मला जरा तोराच होता तेव्हा.

चैत्रातली सकाळ. टाकी मी स्वतः भरली आणि आम्ही दोघं गोरेगाववरून कोहमाऱ्याच्या रस्त्याला लागलो. कोहमारा मैलभरावर आलं, इंजिन चांगलं तापलं, आणि गाडीनं दोन आचके देऊन मान टाकली. सदारामचा चेहरा असा उजळला, की विचारू नका. गाडी बंद पडल्याचा आनंद झालेला ड्रायव्हर मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. माझ्या डोळ्यांदेखत पडली होती ना!

पेट्रोल येत होतं. प्लग काढून पाहिले तर ठिणगीच नाही. कॉइल चांगली, वायरी चांगल्या. मग डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं. आत रोटर असतो, सुपारीएवढा काळा तुकडा. तो फिरत फिरत चारी प्लगांना ठिणगी वाटतो. कॉइलची वायर त्याच्याजवळ धरून पाहिली, तर ठिणगी प्लगांकडे न जाता त्याच्या अंगातूनच खाली उतरत होती. उन्हात तिरका धरला तेव्हा केसाएवढी चीर दिसली. गार असताना चालायचा, तापला की दगा द्यायचा.

"सदारामभाऊ, सुटलात तुम्ही," मी म्हणालो. तो दुपट्ट्यानं तोंड पुसत राहिला.

दुसरा रोटर माझ्या दुकानात होता. सदारामला गाडीजवळ बसवलं, चिरलेला रोटर खिशात टाकला आणि कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या बसनं गोंदियाला निघालो. हे नीट ध्यानात घ्या – रोटर माझ्या खिशात. तो नसताना हँडल मारून खांदा निखळेल, पण इंजिन खोकणारसुद्धा नाही. ही बस म्हणजे बैलगाडीची बहीण. गोरेगावला कोळसा भरायला थांबली तेव्हा मी बसमागच्या झाडाखाली चांगला तासभर झोप काढली.

गोंदियात उतरून दुकानाकडे चाललो होतो. सरकारी दवाखान्यासमोर ती गाडी उभी.

जवळ जाऊन बॉनेटला हात लावला. हात भाजला.

सदाराम दवाखान्याच्या पायरीवर बसला होता, सदरा रक्तानं माखलेला. मोहफुलं वेचायला गेलेल्या एका बाईला अस्वलानं फाडलं होतं. तिचा नवरा आणि दीर तिला खाटेवर घालून रस्त्यावर आले आणि गाडी पाहून थांबले. मी विचारलं, गाडी कशी आणली?

"तुमी पुर्जा नेला हे मालूम होतं मले. पन तिचा नवरा माहे पाय सोडूनच नाई राहिला होता. म्हटलं एकडाव हँडल मारतो, त्याच्या मनाची समजूत. लागली, मिस्त्री."

मी डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडलं. आत रिकामं. मी हँडल मारलं – दहादा, वीसदा. काही नाही. मला भीती वाटत होती, हे सरळ सांगतो.

तेवढ्यात शेठ आला. गाडी दवाखान्यापाशी आहे हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं. आता मी एवढंच म्हणायला हवं होतं, की रोटर खराब होता, तो बदलून गाडी आणली. सदाराम माझ्याकडे तेवढ्यासाठीच बघत होता. पण मी मिस्त्री ना! डोकं नुसतं भणभणत होतं. खिशातून रोटर काढला, तळहातावर ठेवला आणि जे घडलं ते सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं.

शेठनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "पुर्ज़ा तुम्हारी जेब में, और गाड़ी कोहमारा से यहाँ तक आ गई? तो पुर्ज़े में क्या ख़राबी थी?"

आम्ही दोघं मिळालेले आहोत असं ठरवून त्यानं सदारामला संध्याकाळच्या आत काढलं. पुढे दुसरा रोटर मीच बसवला आणि गाडी पुन्हा कधी बंद पडली नाही. ड्रायव्हर बदलल्याचा गुण, असं शेठ अजून चारचौघांत सांगतो.

त्यानंतर कितीतरी गाड्यांचे रोटर काढून मी हँडल मारून पाहिलंय. गार इंजिनावर, तापलेल्या इंजिनावर. रेल्वेतल्या एका जुन्या फिटरला विचारलं, तर तो म्हणाला तुला ऊन लागलं असेल. मागच्या सीटवरचं रक्त दुसऱ्या दिवशी मीच धुतलं होतं. ते काही उन्हानं आलं नव्हतं.

यंदा धान कापून झाल्यावर सदारामच्या गावी गेलो. भावाच्या धानाच्या बांधीत राबतो तो. मी माफी मागितली, खोटं बोलायला हवं होतं म्हणालो. ती बाई जगली, एक डोळा गेला, एवढं त्यानं सांगितलं. मग म्हणाला, "गाडी तवा बंदच राहती तं बरं झालं असतं, असं येते मनात कदी कदी. मंग ते बाई बाजारात भेटते, माह्या पाया पडते... अन् मले तिच्याकडं पाहाची शरम वाटते."