गाल दाखवा बघू

"गाल दाखवा बघू."

ब्लेड मागायला आलेल्या माणसाला आक्का पहिल्यांदा हेच म्हणायच्या. नाव, गाव, कुठलं पाकीट पाहिजे, ते सगळं नंतर. मी पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेलो तेव्हा मला वाटलं, आपलं काहीतरी चुकलंय आणि ही बाई आता थोबाडीत देणार. म्हणून मी एक पाऊल मागं सरकलो.

"पळताय कुठं? उजेडाकडं वळा. हां. आता मान वर."

भर बाजारात, बांगड्या घ्यायला आलेल्या दोन बायकांच्या देखत मी मान वर करून उभा राहिलो. आक्कांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि मंडईत वांगी बघावीत तशी माझी मान बघितली.

"आगं बया! पार भरीत केलंय की मानंचं!"

मी मूळचा साताऱ्याचा. बँकेतल्या नोकरीत बदली झाली आणि कडेगावला आलो. दाढी हे माझं जन्माचं दुखणं. चार-पाच पात्यांचं महागडं रेझर फिरवलं की मानेवर लाल पुरळ उठायचं आणि दिवसभर शर्टाची कॉलर घासून त्याची आग व्हायची. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून मला साक्षात्कार झाला, की आजोबांच्या काळातलं एका पात्याचं रेझरच बरं. लगेच ऑनलाइन मागवलं. रेझर आलं, ब्रश आला, साबणाची वाटी आली. ब्लेड मागवायचं तेवढं राहिलं. आमची अक्कल ही अशी! मग एसटी स्टँडजवळच्या या जनरल स्टोअर्सची पायरी चढावी लागली.

दुकान तसं साधंच. बांगड्या, रिबिनी, वह्या, फुगे, आणि काउंटरच्या काचेखाली ब्लेडची पाकिटं. गल्ल्याशेजारी एका खुर्चीत पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातले एक गृहस्थ बसलेले. दाढी इतकी तुळतुळीत की माझा जीव जळला. मी नमस्कार केला, त्यांनी मानही हलवली नाही. मनात म्हटलं, मालक शिष्ट दिसतात.

आक्कांचं ब्लेडविषयीचं बोलणं म्हणजे जावयांविषयी बोलल्यासारखं. कंपनीचं नाव त्या घ्यायच्या नाहीत, कागदाच्या रंगावरून ओळखायच्या. "ह्ये पिवळं लय तापट. दाट दाढीला बरं, पर तुमच्यासारख्या नाजूक कातडीला डसंल. ह्ये निळं गरीब हाय, पर लौकर दमतं. तुमी हिरवं घ्या. मधल्या मार्गाचं." आणि पाकीट हातात देताना दम भरायच्या, "एका वेळंला एकच बदलायचं. ब्लेड बदललं तर साबन तोच ठेवायचा. न्हाईतर कोन चावलं ते कळायचं कसं?"

दुसऱ्या दिवशी मी हनुवटीवर कागदाचे तुकडे चिकटवून बँकेत गेलो. तिसऱ्या दिवशी आक्कांनी मला दुकानातूनच हाक मारली. "आवं बँकवाले सायेब, हिकडं या. दाबताय न्हवं? रेझर दाबायचं नसतं. त्याचं वजन त्याला पुरतं." मग त्यांनी शिकवलं, की आधी कोमट पाण्याचा टॉवेल गालावर ठेवायचा, बोटं फिरवून केस कुठल्या अंगाला झुकलेत ते बघायचं आणि त्यांच्या कलानं जायचं. माझ्या मानेवरचे केस डावीकडून उजवीकडे आडवे वाढतात, हे मला तिशीला आल्यावर एका बांगडीवाल्या बाईकडून कळलं. आता बोला!

मी मोठ्या रुबाबात माझा ब्रश त्यांना दाखवायला नेला होता. त्यांनी तो बोटांनी कुरवाळला. "लय मऊ हाय. कशाचा?"

"बॅजर म्हणून एक प्राणी असतो परदेशात, त्याच्या केसांचा."

आक्कांनी ब्रश असा खाली ठेवला, की जणू तो प्राणीच काउंटरवर चालून आलाय. आक्का जैन. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं म्हणून संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढणाऱ्या. "त्याला इचारलं व्हतं का केस घेताना?" एवढंच म्हणाल्या आणि नायलॉनचा ब्रश पुढे केला. मी निमूटपणे घेतला. खरं सांगायचं तर फेस तसाच येतो.

त्यांचे अंदाज चुकायचेही, नाही असं नाही. कडेपूरच्या बाजूचे एक रिटायर सुभेदार यायचे. गाल बघून आक्कांनी त्यांना गरीब निळं पातं दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार अर्धी दाढी करून आणि अर्धी तशीच ठेवून दुकानात हजर. "आक्का, ह्ये ब्लेड हाय का खुरपं? बर्फाच्या पान्यात दाढ्या केल्या आमी, पर आसं डोळ्यातनं पानी कवा आलं न्हाई!" आक्का हसून हसून बेजार. पिवळं पाकीट देत म्हणाल्या, "चुकलं सायेब. बर्फानं गाल जाड झालाय, त्यो मला मऊ दिसला." सुभेदारही हसले आणि उरलेली दाढी करायला घरी गेले.

पण बाईमाणसाला हे दाढीचं वेड कुठून लागलं, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. विचारायचा धीर होत नव्हता. एक दिवस दुकानात कोणी नव्हतं, तेव्हा आक्कांनी आपण होऊनच सांगितलं.

खुर्चीतले गृहस्थ म्हणजे त्यांचे यजमान. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. दुकान मूळ अण्णांचं. दाढी केल्याशिवाय ते कधी शटर उघडायचे नाहीत. पारोशा तोंडानं गल्ल्यावर बसणं म्हणजे गिऱ्हाइकाचा अपमान, असा त्यांचा हिशेब. मग एके सकाळी अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं हां-हूंवर आलं, आणि उजव्या गालाला काही कळेनासं झालं. डॉक्टर म्हणाले, कळायला लागेल कदाचित, नाहीतर नाही.

"सलूनवाला घरी यायचा," आक्का म्हणाल्या. "यका दिवशी ह्यांचा उजवा गाल सगळा सोलवटला. वर त्यानं तुरटी घासली, वासाचं पानी लावलं. ह्यांना काय कळतंय? गप बसले. सांजच्याला बघते तर गाल पुरीसारखा फुगलेला. मी लय रडले. त्यांला दुखलं तर त्ये सांगनार न्हाईत. मग गालालाच इचारायला नको का?"

तेव्हापासून रेझर आक्कांनी हातात घेतलं. आधी दुकानातल्या फुग्याला साबण लावून त्यावर सराव केला. पहिला फुगा फाटकन फुटला, फेस आक्कांच्या तोंडभर, आणि अण्णा डाव्या ओठानं हसले. आजारानंतरचं ते पहिलं हसणं. मग एकेक रंगाचं पातं आणून, प्रत्येकाला आठवडा आठवडा देऊन, सकाळ-संध्याकाळ गाल उजेडात बघून आक्कांनी अण्णांचं पातं ठरवलं. तुरटी आणि लोशन बंद. नुसतं गार पाणी आणि खोबरेल तेलाचं एक बोट. अण्णा रोज तुळतुळीत होऊन शटर उघडायच्या आत खुर्चीत बसायला लागले. बघणाऱ्यांनी मालक म्हणावं, आजारी म्हणू नये, एवढीच आक्कांची इच्छा होती. आणि मी त्यांना शिष्ट म्हणत होतो. मला माझीच लाज वाटली.

त्यानंतर दोनेक वर्षांनी आक्का मोरीत घसरल्या. उजवा हात मनगटापासून प्लॅस्टरमध्ये. दुकान त्यांनी डाव्या हातानं चालवलं, पण दाढीचं काय? सलूनवाल्याला बघताच अण्णांनी तोंड भिंतीकडे फिरवलं ते फिरवलंच. पांढरे खुंट वाढले आणि अण्णांनी दुकानात बसायचं बंद केलं. आतल्या खोलीत पडद्याआड बसून राहायचे. खुर्ची रिकामी. कोणी विचारलं की आक्का "येतील, येतील" म्हणायच्या, आणि त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

एका सकाळी बँकेत जाताना त्यांनी मला अडवलं. "उद्या लौकर या. ह्यांची दाढी तुमी करायची."

"मी? आक्का, माझीच अजून धड होत नाही!"

"व्हईना. तुमचा हात मी वळवलाय. बाकीच्यांचा न्हाई."

रात्रभर धड झोप नाही. सकाळी माझं सामान घेऊन गेलो. आतल्या खोलीत खिडकीपाशी अण्णा बसलेले, शेजारी स्टुलावर प्लॅस्टरचा हात मांडीवर घेऊन आक्का. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग आक्कांकडे बघितलं. आक्कांनी मान हलवली. अण्णांनी गाल पुढे केला.

टॉवेल झाला, फेस झाला. डावा गाल छान उतरला. "दाबू नगा. हां. कलानं. आता पानी," आक्का सांगत होत्या आणि मी करत होतो. मग उजवा गाल आला. कल्ल्यापासून हलक्या हातानं खाली येत होतो, तेवढ्यात बाहेर ऊसवाल्या ट्रॅक्टरचा हॉर्न ठणाणला आणि मी दचकलो. जबड्याच्या कोपऱ्यावर लाल रेघ उमटली, रक्ताचा थेंब खाली ओघळला.

माझी पाचावर धारण बसली. घरी सवय असल्यामुळे हात आपोआप पिशवीत गेला, तुरटीचा खडा निघाला आणि मी तो ओला करून तिथं दाबला.

"आवं, तुरटी न्हाई!" आक्का ओरडल्या.

आणि त्यांच्या आवाजावर दुसरा आवाज चढला. "आगं आई गं! झोंबतंय!"

मी आक्कांकडे बघितलं. आक्का अण्णांकडे बघत होत्या. खोलीत आणखी कोणी नव्हतंच.

"काय म्हनला?" आक्का उठून उभ्या राहिल्या. "परत म्हना."

अण्णा रागानं उजव्या गालावर डावा हात धरून बसले होते. आक्कांनी त्यांचा हात बाजूला केला, माझ्या हातातला तुरटीचा खडा हिसकावला आणि त्याच जागी पुन्हा टेकवला. "झोंबतंय?"

"झोंबतंय की! सांगतोय न्हवं!" अण्णा गरजले. बोबडं होतं, पण गरजले.

आक्कांनी तिसऱ्यांदाही टेकवला. त्या हसत होत्या आणि डोळ्यांतलं पाणी प्लॅस्टरवर पडत होतं. "आवं, किती दिस झालं आसंल ह्ये कळायला लागून! मीच कवा दुखू दिलं न्हाई, तर ह्ये वरडनार कसं?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सायेब, तुमचा बावळट हात लय गुनाचा हाय बघा." एवढी मोठी शाबासकी मला आयुष्यात कुणी दिलेली नाही.

त्या दिवशी शटर उशिरा उघडलं. अण्णा जबड्यावर कापसाचा बोळा लावून खुर्चीत बसले, आणि येईल त्याला आक्का सांगत होत्या, की सायबांनी ह्यांना कापलं. अशा आनंदानं, की जणू मिठाईच वाटतायत. सुभेदारांनी तर माझ्याशी हात मिळवला.

पुढे माझी बदली परत साताऱ्याला झाली. आक्का-अण्णा सांगलीला मुलीकडे राहायला गेले. गेल्या दिवाळीत कामानिमित्त कडेगावला गेलो, तर दुकानाच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान झालेलं. तरी पायरीवर उभं राहिल्यावर माझी मान आपोआप वर झाली. आतल्या पोरगेल्या मालकानं विचारलं, "काय पायजे?" मी तसाच बाजूला आलो आणि आक्कांना फोन लावला.

"गाल कसा हाय?" त्यांचा पहिला प्रश्न.

"चांगलाय. अण्णा कसे आहेत?"

"त्यांचं काय इचारू नगा," आक्का म्हणाल्या, आणि मग तक्रारींचा पाढा सुरू झाला. पाणी गार आहे म्हणतात, ब्लेड बोथट आहे म्हणतात, टॉवेल टोचतो म्हणतात, नवा साबण चावतो म्हणतात. रोज नवीन काहीतरी. लोक नातवंडांचं कौतुक सांगतात ना, त्याच सुरात आक्का हे सांगत होत्या.

मागून अण्णांचा आवाज आला. "आगं ये! किती बोलतीस? त्वांडावर साबन वाळाय लागलाय माझ्या!"

"ऐकलं न्हवं?" आक्का म्हणाल्या. "ठेवते मी. ह्यांना झोंबतंय."