तिनं सांगितलेला शेवट

ही वही माझ्यापुरतीच आहे, तरी कोणाच्या हाती लागली तर माफी मागते. मी चौथीपर्यंतच शिकले. वेलांट्या चुकतात आणि अक्षर ओळीवर राहत नाही.

फुलचूरला मी आणि माझी मैत्रीण, आम्ही दोघी एका खोलीत पाच वर्षं राहिलो. कामाला एकाच राईस मिलमध्ये. ती साऱ्या मिलशी बोलायची, मी फक्त तिच्याशी. मी भांडी घासून पालथी घालायची, ती खरकटं ताट तसंच मोरीत टाकायची. मोबाईल आम्ही अर्धे अर्धे पैसे टाकून घेतला होता, म्हणून सिनेमा एकटीनं पाहायचा नाही असं ठरलं होतं.

तो सिनेमा हसायचा होता. दोन मित्र एका घरात राहतात. एक पहाटे उठून योगासनं करतो, दुसरा दुपारी उठून त्याच चटईवर जेवतो. "हा तूच," असं आम्ही एकमेकींना म्हणायचो. रोज जेवताना थोडा थोडा पाहिला. शेवट तेवढा राहिला आणि मला दवनीवाड्याला आजारी मावशीकडे जावं लागलं.

परत आले तर तिनं शेवट पाहून टाकला होता. मिलमध्ये नवीन लागलेल्या, मुर्री गावच्या बाईसोबत. ती बाई मालकाशीही न लाजता हिंदीत बोलायची. मोरीत दोन खरकटी ताटं होती. त्यातलं एक माझं.

"तोंड काऊन पाडून बसली वो?"

"माझ्या ताटात तिले काऊन जेवू घातलं?"

"ताटच तर होय. थांब, शेवट सांगते तुले."

तिनं दोघांचे आवाज काढून सांगितलं. एक मित्र भांडून घर सोडतो, बस स्टँडवरून परत येतो आणि दोघं पुन्हा चटईवरून भांडतात. मी हसले नाही. त्या दोघी कुठं कुठं हसल्या असतील, हेच डोक्यात होतं. ते ताट मी तीनदा घासलं.

दोन महिन्यांनी ती मुर्रीला त्याच बाईकडे राहायला गेली. मोबाईल तिनं नेला आणि माझे अर्धे पैसे दर रविवारी थोडे थोडे आणून देऊ लागली. पैसे फिटल्यावर ती कायले येणार? "घाई नाही," मी म्हणायची. एकदा तर शंभराची नोट गुपचूप तिच्या पिशवीत परत सरकवली.

शेवटच्या रविवारी मी म्हटलं, "तो शेवट दाखव मले."

"सांगितला ना."

"दाखव."

तिनं मोबाईलवर शेवट लावला. सिनेमातला मित्र परतच येत नाही. बसमध्ये बसून निघून जातो. मागे राहिलेला सवयीनं दोन ताटं वाढतो, मग दोन्ही एकटाच खाऊन मोठी ढेकर देतो. तिथं हसायचं होतं.

"खोटं काऊन सांगितलं?"

"तेव्हाच माझं जायचं ठरलं होतं. तुले सांगायची हिंमत नाही झाली."

"तिले माहीत होतं?"

"हो."

ती गेली त्यापेक्षा हे मला जास्त लागलं.

मी तिला माझ्याच ताटात भात वाढला. जेवून तिनं ताट घासलं आणि पालथं घातलं. पाच वर्षांत पहिल्यांदा. मग उरलेले पाचशे ठेवले, त्यावर शंभराची नोट.

"ही माझ्या पिशवीत कशी आली, समजते मले," ती म्हणाली.

मी पैसे मोजले. सगळे फिटले होते.