शांता घोडी आणि माझा आवाज

आमच्या दारात एक घोडी आहे. ती माझ्या रागामुळे आली, रागामुळे शिकली आणि भर यात्रेत तिने जे केलं तेही माझ्याच रागामुळे. निमगाव साव्यात हे सगळ्यांना ठाऊक आहेच, तेव्हा बाहेरच्यांना मीच सांगून टाकते.

आमची पिठाची गिरणी आहे. पंचवीस वर्षं गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून बोलल्यामुळे माझं साधं बोलणंही लोकांना भांडण वाटतं. (आणि खरोखर भांडण असतं तेव्हा पलीकडच्या आळीतल्या बायका दळण घेऊन बघायला येतात!) यजमान त्याच्या अगदी उलट. पंचवीस वर्षांत त्यांनी मला दिलेली उत्तरं मोजली तर त्यातली निम्मी ‘हं’ निघतील.

त्या दिवशी मी ग्रामसभेला गेले होते ती नळासाठी. आमच्या आळीला पाणी नव्हतं आणि मी घरूनच तापून निघाले होते. पण नळाच्या आधी विषय निघाला गायरानातल्या घोडीचा. ही घोडी कुठून आली कोणालाच माहीत नव्हतं. कोणी म्हणे मेंढपाळांची चुकली, कोणी म्हणे वरातवाल्याने सोडून दिली. दोन-तीन वर्षं गायरानात राहून ती पार रानटी झाली होती. बिबट्याला तिने दाद दिली नव्हती, माणसांना कुठली देणार? लोकांच्या शेतातला हिरवा घास खायची, धरायला गेलं की लाथा झाडायची. ग्रामसभेत ठरलं, जो माणसाळवील त्याने ती ठेवावी. दोन महिन्यांत जमलं नाही तर धरून गाडीत घालायची आणि लांब नेऊन सोडायची.

आमचे चुलतदीर नामदेव भाऊजी उभे राहिले. भाऊजींचा शर्यतीचा बैलगाडा पंचक्रोशीत नावाजलेला, त्यामुळे जनावरांविषयी दुसऱ्या कोणी बोललेलं त्यांना खपत नाही. ते म्हणाले, “ही घोडी ब्रह्मदेव आला तरी माणसाळायची न्हाई. आन बाईमाणसाचं तर ते कामच न्हाई.”

आता इथे बाईमाणसाचा काय संबंध होता? कोणी बाई काही बोलली होती का? मी नळाचा अर्ज हातात घेऊन उठले आणि म्हणाले, “दोन महिन्यांत माणसाळवते. आणि यात्रेला तुमच्याच बैलांपुढे पळवते.” टाळ्या पडल्या. नळाचा विषय राहूनच गेला. घरी येताना यजमान फक्त ‘हं’ म्हणाले, पण तो ‘हं’ जरा लांब होता.

घोडी आणायला आठ माणसं आणि दोन दोर लागले. यजमानांनी तिचं नाव ठेवलं शांता. हा टोमणा घोडीला होता की मला, हे मी तीनदा विचारलं. तीनदा ‘हं’.

पहिल्या आठवड्यात शांताने गोठ्याचं दार मोडलं, यजमानांना शेणाच्या पाटीत बसवलं आणि पाणी पाजायला गेलेल्या भावकीतल्या दोघांना बांधावरून पळवलं. आठव्या दिवशी ती दोर तोडून अंगणात आली आणि बाजेवर वाळत घातलेल्या माझ्या कुरडया खाऊ लागली. दोन दिवस खपून घातलेल्या कुरडया! माझं डोकं फिरलं. मी ओट्यावर उभी राहिले आणि सुरुवात केली. घोडीपासून केली, तिच्या आईबापावर गेले, तिथून ग्रामसभा, नळ, नामदेव भाऊजी, भाऊजींचे चारी बैल असं सगळं घेतलं. पाऊण तास तरी झाला असेल.

श्वास घ्यायला थांबणार, तेवढ्यात यजमानांनी हात वर केला. “थांबू नको,” ते हळूच म्हणाले. “चालू ठिव.”

बघते तर शांता कान टवकारून जागच्या जागी उभी! अर्धी कुरडई तोंडाबाहेर, पाय हलत नव्हता. माझं बोलणं चालू असताना यजमानांनी शांतपणे जाऊन तिच्या तोंडाला दोराची मोरकी घातली. मी थांबले मात्र, शांता यजमानांसकट अंगणाच्या पार टोकाला.

मग आमचं शिक्षण त्याच पद्धतीने सुरू झालं. मी चिडून बोलायला लागले की शांता थांबायची, मी गप्प झाले की वाऱ्यासारखी सुटायची. मी वीज मंडळावर बोलले तेव्हा तिच्या पाठीवर घोंगडी पडली. जावेवर बोलले तेव्हा लगाम चढला. टीव्हीवरच्या एका मालिकेतल्या सासूवर बोलले तेव्हा यजमान वर बसले. रोज नवा राग आणायचा कुठून, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. दोन महिने पुरे व्हायच्या आत शांता भाऊजींच्या बैलांपुढे सरावाला पळू लागली. भाऊजी स्वतः येऊन, टोपी हातात घेऊन विचारून गेले, कारण त्यांची जुनी घोडी लंगडत होती. “वयनी, लई गुणाची हाय घोडी,” म्हणाले. मी त्यांना चहा दिला. साखर टाकून दिला.

यात्रेच्या आदल्या दिवशी यजमान मला ओझरला घेऊन गेले. विघ्नहरापुढे मी शपथ घेतली की भाऊजींच्या गाड्याची बारी, म्हणजे शर्यतीतली पाळी, होईपर्यंत तोंड उघडणार नाही. कारण आमच्याकडे गाड्यावर माणूस नसतो. घोडी पुढे पळते आणि बैल तिच्या मागोमाग जीव तोडून शर्यतीचा चढ, म्हणजे घाट, चढतात. घोडी थांबली की सगळं संपलं. माझा शब्द, भाऊजींची वर्षभराची मेहनत, सगळं.

यात्रेत यजमानांनी माझ्या हातावर खडीसाखरेचा मोठा खडा ठेवला. “तोंडात धर. चावायचा न्हाई,” ते म्हणाले. शर्यत जिथे संपते त्या निशाणाच्या जवळ मी बायकांच्या गर्दीत उभी राहिले. शेजारच्या बाईने पायावर पाय दिला, गप्प राहिले. उसाचा रस अंगावर सांडला, गप्प राहिले. आयुष्यात इतका वेळ मी झोपेतच गप्प राहिले असेन.

झेंडा पडला. शांतावर बसलेल्या भाऊजींच्या पोराने टाच मारली आणि ती सुटली! अशी सुटली की मागे चारी बैल, नुसता धुरळा. लोक ओरडत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. निशाण वीस पावलांवर असेल नसेल, तेवढ्यात कर्ण्यावरून निवेदक गरजला, “बघा मंडळी, काय घोडी हाय! गायरानातली रानटी घोडी, पण तयार केली खुद्द नामदेवरावांनी! जनावराची पारख असावी तर अशी!”

खडीसाखर कुठे गेली मला माहीत नाही.

“नामदेवरावांनी?” मी म्हणाले. (लोक म्हणतात ते पार पेठ गावापर्यंत ऐकू गेलं. मला तसं वाटत नाही.) “कुरडया कुणाच्या खाल्ल्या तिनं? घसा कुणाचा बसला? दोन महिने तोंडाला फेस कुणाच्या आला, नामदेवरावांच्या?”

शांता थांबली. निशाणापासून दोन पावलांवर, चारी पाय रोवून, कान टवकारून. तिच्या मागे बैल थांबले. गाडा कलला, पण पडला नाही. भाऊजींचं पोर घोडीच्या मानेला मिठी मारून लोंबकळत होतं. बारीची वेळ मोजणारा घड्याळवाला घड्याळाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होता. निवेदकाने माईक खाली ठेवला. नामदेव भाऊजींनी दोन्ही हात जोडले. “वयनी, पाया पडतो. गप ऱ्हावा.”

मी गप्प झाले. शांता निशाणापार गेली, पण तोवर बारी हातची गेली होती. भाऊजी चार दिवस जेवले नाहीत. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय म्हणून स्वतःचाच राग आला. यजमानांनी मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच एवढं लांब वाक्य म्हटलं. “घोडी कुणाची ते समद्या तालुक्याला कळलं बघ.”

खरंच कळलं. परवा यात्रा कमिटीची माणसं नारळ घेऊन घरी आली. निशाणापार गेल्यावरही गाडे आवरत नाहीत, लोकांच्या उसात घुसतात, तर पुढच्या यात्रेला ताईंनी पलीकडे उभं राहून आवाज द्यावा, अशी विनंती. मानाची शाल देणार म्हणाले. मी खूश झाले. मग त्यांच्यातला एक जण भीत भीत म्हणाला, “फकस्त एक अट हाय. बारी पार व्हईस्तवर ताईंच्या तोंडाला रुमाल बांधायचा.”

त्यानंतर मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की बोलून झाल्यावर बघितलं तर कमिटी अंगणात जागच्या जागी उभी होती, गोठ्यात शांता कान टवकारून उभी होती, आणि ओट्यावर चहाची बशी तोंडाजवळ तशीच धरून आमचे यजमान.