कलाबाईंनी काहील उतरवली

"जोर अंगात न्हाई, जागंत असतो," असं कलाबाई उठता-बसता म्हणायच्या. सुपारी कातरताना तर हमखास. अडकित्त्याच्या खिळीजवळ धरली की सुपारी मुकाट्यानं फुटते. टोकाला धरली की बोटं दुखतात आणि सुपारी हसते. चुलीवरची भाकरी चिमट्यानं उलटतानाही त्या सुनेला सांगायच्या, "ह्याच्यात हात मधी असतो, ज्योते. जोर खातो, पण टोक बघ कसं लांब धावतंय! अडकित्त्यात वजन मधी, चिमट्यात हात मधी, पहारीला टेकू मधी. तीनच जाती. बाकी सगळं लोखंड."

"आम्हाला शाळेत हेच शिकवलं होतं, आत्याबाई. ह्याला तरफ म्हणतात."

"नाव बेस हाय," कलाबाई म्हणायच्या आणि सुपारीचं खांड गालात सारायच्या.

बाई अंगानं काडी. नवऱ्यामागं गुऱ्हाळ बंद पडलं होतं. यंदा त्यांनी भट्टी पुन्हा पेटवली आणि भालकीच्या रस्त्यावरच्या साऱ्या वस्त्यांत कुजबुज झाली. धाकट्या दिराचा, ग्यानबाचा, गुऱ्हाळावर कधीपासून डोळा होता. "बाईच्या राज्यात काहील उतरत नसती," असं तो पारावर बोलून मोकळा झाला.

पहिला ऊस शेजारच्या बंडेप्पाचा. काहिलीत, म्हणजे भट्टीवरच्या भल्यामोठ्या कढईत, रस उकळला, हिरवी मळी निघाली, फेस पिवळा होऊन तांबूस झाला. कलाबाईंनी थेंबभर पाक पाण्यात टाकला, त्याची मऊ गोळी झाली. आता काहील कलंडून गूळ शेजारच्या वाफ्यात, निववायच्या चौकोनी खळग्यात, ओतायचा, तोही झटक्यात. नेमक्या त्याच वेळी काहील उतरवायला ठेवलेल्या चारी गड्यांनी खांद्यावर टॉवेल टाकले आणि ते ग्यानबामागं बांधावर जाऊन बसले.

"वैनी, बोलवा आता तुमच्या अडकित्त्याला!" ग्यानबा ओरडला.

गूळ करपला तर बंडेप्पाचा ऊस मातीत जाणार होता. पुन्हा कुणाची गाडी ह्या वाटेला वळणार नव्हती, आणि भट्टी आपसूक ग्यानबाच्या हाती जाणार होती. ज्योतीनं पदर डोळ्यांना लावला.

"रडायलीस कामून? आग ओढ," कलाबाई म्हणाल्या.

ज्योतीनं जळती चिपाडं बाहेर ओढली. पण भट्टीचा राग लगेच उतरत नसतो. काहिलीत पाक तसाच बुडबुडत होता. कलाबाईंनी बाभळीचा लांब वासा ओढत आणला आणि त्याचं टोक काहिलीच्या मागच्या कडीत घातलं. ज्योतीनं वाशाच्या मधोमध दगड ठेवला. दोघी लोंबकळल्या. काहील ढिम्म. बांधावर हसू फुटलं.

"दगड काहिलीच्या पोटाशी सरकव, पोरी."

दगड सरकला. दोघी पुन्हा वाशाच्या टोकाला लोंबकळल्या. काहील कण्हली आणि बोटभर उठली.

"एवढंच?"

"जोर वाचला की वाट लांबती. मी बसते, तू वीट सार."

कलाबाईंचं वजन ते किती! पण वाशाच्या टोकावर तेवढंही भारी झालं. ज्योतीनं काहिलीखाली वीट सारली, दगड उंच केला, पुन्हा वासा, पुन्हा वीट. भट्टीच्या काठावर टेकलेली पुढची कड बिजागरीसारखी जागची हलली नाही. मागची बाजू मात्र चढत गेली.

"आत्याबाई, खिळी तिकडं, वजन मधी, उचलणं इकडं!" ज्योती धापा टाकत हसली. "काहीलच अडकित्ता झाली की!"

"मग फोड सुपारी!"

दोघींनी एकदम भार टाकला. काहील कलंडली आणि सोनेरी गूळ जाड धारेनं वाफ्यात उतरला, एक थेंब न करपता. त्याचा वास बांधापर्यंत गेला. बसलेले गडी उठून उभे राहिले. त्यातला एक जण खाली आला आणि न विचारता घोटणं हातात घेऊन वाफा घोटू लागला.

ग्यानबाही आला. वाफ्यात डोकावून म्हणाला, "वैनी, उद्या माझा ऊस आणू म्हणतो."

"आणा की, भाऊजी. पण नंबर लावा. अगुदर दुसरे हायत."

एवढं बोलून त्यांनी पदर खोचला, दोघांनी उचलून द्यावा लागतो असा उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, ओल्या वाढ्याचा भारा एकटीनं डोक्यावर घेतला आणि म्हसरांच्या गोठ्याकडं चालू लागल्या. ग्यानबा बघत होता, गडी बघत होते. ज्योती वाशाला टेकून उभी होती आणि सासू गोठ्याआड होईपर्यंत तिनं पापणी मिटली नाही.